वकिलात बंद झाली, मग व्हिसा मागायचा कुणाकडं?

आमच्या माळ्यावर एक निळी पत्र्याची ट्रंक आहे. ती आमची नाही. दरवर्षी दिवाळीची साफसफाई निघाली की बायको विचारते, "हिचं काय करायचं?" मी म्हणतो, "राहू दे, येईल तो." गेल्या दिवाळीला तिनं विचारलंच नाही. ट्रंक पुसली आणि परत जागेवर ठेवली.

ही पोस्ट त्या ट्रंकेच्या मालकाबद्दल आहे. लांब आहे. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा, नसेल तर खाली मागण्या लिहिल्यात तेवढ्या तरी वाचा.

मी सांगोल्याचा. पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा केला, गावी परत आलो आणि वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. टँकर, चारा छावणी, टेंभू-म्हैसाळचं पाणी, ग्रामपंचायतीची भांडणं आणि डाळिंब. परराष्ट्र धोरण हा काही माझा विषय नाही. पण २०१९ साली परराष्ट्र धोरण स्वतःच माझ्या दुचाकीवर मागं बसून डाळिंबाच्या बागेत आलं, त्याला मी काय करू?

झालं असं. कृषीचं पदव्युत्तर शिक्षण घेणारा एक अफगाण मुलगा तेल्या रोगाचा अभ्यास करायला आमच्याकडच्या एका बागेत येणार होता. बातमी म्हणून मी गेलो. मुलगा कंदहारचा. ज्यांना डाळिंबातलं कळतं त्यांना कंदहार म्हणजे काय ते सांगायला नको. बागवाल्या अण्णांनी झाडावरचा भगवा फोडून हातात दिला. पोरानं दाणे खाल्ले, मान डोलावली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "अच्छा है. पर हमारा ज्यादा मीठा है." अण्णा हसले. म्हणाले, "मग इकडं कशाला आलास बाबा?" तो म्हणाला, तिकडं फळ आहे, पण रोगावर शिकवणारं कुणी नाही. ते शिकायला आलोय.

पुढं दीड वर्ष तो येत राहिला. पानांचे नमुने घ्यायचा, फवारणीची डायरी लिहायचा, ब्रिक्स मीटरवर गोडी मोजायचा. उशीर झाला की आमच्याकडं मुक्काम. बायकोला वहिनी म्हणायला शिकला. "जेवलात का?" हे त्याचं पहिलं मराठी वाक्य. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याच्या घरचे सगळे तिकडंच आहेत आणि फेसबुक तिकडंही वाचतात.

कोरोनात वर्ग ऑनलाइन गेले, वसतिगृह रिकामं करायला सांगितलं. २०२१ च्या मार्चमध्ये वडील आजारी असल्याचा निरोप आला. ट्रंक माझ्याकडं ठेवून तो गेला. व्हिसा चालू होता, शेवटचं सत्र बाकी होतं, प्रबंधाचं निम्मं काम झालं होतं. जाताना म्हणाला, "सर, तीन महिने."

त्यानंतर काय झालं ते तारखांनिशी सांगतो, कारण सगळा मुद्दा तारखांमध्ये आहे.

११ जुलै २०२१. कंदहारच्या आजूबाजूला लढाई पोचली म्हणून तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातले आपले कर्मचारी परत आणल्याचं सरकारनं सांगितलं. १० ऑगस्टला मजार-ए-शरीफचे निघाले. १५ ऑगस्टला आपण इथं झेंडावंदन करत होतो तेव्हा तालिबान काबूलमध्ये शिरले. १७ ऑगस्टला राजदूतांसह काबूलची आपली सगळी वकिलात वायुसेनेच्या विमानानं मायदेशी आली. त्याच दिवशी गृह मंत्रालयानं अफगाण नागरिकांसाठी एक नवा ऑनलाइन व्हिसा जाहीर केला. त्याचं नाव 'ई-इमर्जन्सी एक्स-मिसलेनियस'. मुदत सहा महिने.

आणि २५ ऑगस्टला आदेश निघाला की, काही अफगाण नागरिकांचे पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या आहेत, सबब जे अफगाण नागरिक आत्ता भारतात नाहीत, त्या सगळ्यांना आधी दिलेले सगळे व्हिसा तत्काळ रद्द. यापुढं यायचं तर फक्त ई-व्हिसावर.

'सगळ्यांचे सगळे' हे शब्द पुन्हा वाचा. त्यात कोण आलं? ज्याचा पासपोर्ट चोरीला गेला तो आला. ज्याचा पासपोर्ट त्याच्याच खिशात होता तोही आला. दिल्लीत हृदयाचं ऑपरेशन ठरलेला रुग्ण आला. पुण्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आली, जी सुट्टीला घरी गेली होती. आणि तेल्यावर प्रबंध लिहिणारा आमचा पोरगा आला.

आपल्याकडं व्हिसाचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यासमोर अमेरिका येते. पण व्हिसा म्हणजे नेमकं काय? एका देशानं एका माणसाला सहीशिक्क्यानिशी दिलेला शब्द. 'अमुक तारखेपर्यंत, अमुक कामासाठी तू ये, आम्ही तुला तपासलं आहे.' आता शब्द देणारा अधिकारी जिवाच्या भीतीनं निघून गेला, यात त्याची चूक नाही. कुणाचंही पोरगं तिथं मरावं असं कुणीच म्हणणार नाही. पण अधिकारी गेला म्हणून शब्दही गेला? तलाठी बदलून गेला म्हणून सातबारा रद्द होतो का?

आता वकिलात बंद असताना व्हिसा कसा मागायचा, याचे तीन रस्ते सांगितले जातात. तिन्ही किती चालतात ते बघू.

पहिला रस्ता, ऑनलाइन अर्ज. फॉर्म भरा, फोटो आणि पासपोर्टचं स्कॅन चढवा, वाट बघा. आमच्या पोरानं सप्टेंबर २०२१ मध्ये अर्ज केला. वीज नाही, नेट नाही, तरी चुलत्याच्या दुकानात बसून केला. मला स्क्रीनशॉट पाठवला. अर्ज प्रक्रियेत आहे. महिन्यानं पुन्हा विचारलं, प्रक्रियेत आहे. त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात सरकारनं राज्यसभेत आकडा दिला, की २४ नोव्हेंबर २०२१ पर्यंत असे २०० ई-व्हिसा दिले. दोनशे. आमच्या तालुक्यात एका ग्रामसभेला याहून जास्त माणसं असतात. शिवाय व्हिसा मिळाला असता तरी मुदत सहा महिन्यांची. ज्याचं दोन वर्षांचं शिक्षण बाकी आहे त्यानं सहा महिन्यांच्या आणीबाणीच्या परवान्यावर काय करायचं?

दुसरा रस्ता, तिसऱ्या देशातल्या वकिलातीत अर्ज. ऐकायला सोपं वाटतं. काबूलला बंद आहे ना, मग तेहरानला जा, दुबईला जा. पण तेहरानला जायला इराणचा व्हिसा लागतो, दुबईला जायला अमिरातीचा. म्हणजे एका व्हिसासाठी दुसरा व्हिसा. तो मिळवायला पैसे, तिथं राहायला पैसे, आणि तिथं पोचल्यावर बहुतेक वकिलाती पहिला प्रश्न विचारतात, तुम्ही या देशाचे कायदेशीर रहिवासी आहात का? नाही? मग तुमच्या देशातल्या वकिलातीत जा. जी बंद आहे. आपल्या तहसीलमध्ये या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात ना, तसंच. फरक इतकाच की इथं दोन खिडक्यांच्या मध्ये एक सरहद्द आणि बंदूक घेतलेला माणूस आहे.

तिसरा रस्ता, थांबा. परिस्थिती निवळली की बघू. बहुतेकांच्या वाट्याला हाच आला.

किती थांबायचं? जून २०२२ मध्ये आपलं एक तांत्रिक पथक काबूलच्या वकिलातीत परत गेलं. मदतवाटपावर लक्ष ठेवायला. चांगली गोष्ट. व्हिसाची खिडकी मात्र बंदच राहिली. विद्यार्थी, रुग्ण, व्यापारी असे वेगवेगळे प्रकार असलेली नवी व्यवस्था अफगाण नागरिकांसाठी यायला एप्रिल २०२५ उजाडला. ऑगस्ट २०२१ ते एप्रिल २०२५. चव्वेचाळीस महिने. एवढ्या दिवसांत तीन वर्षांची अख्खी पदवी होते आणि वर आठ महिने उरतात.

आता तुलना बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाशी आपलं बिनसलं. २१ सप्टेंबरला आपण कॅनडातली व्हिसा सेवा थांबवली. कारण सुरक्षेचंच होतं, आपल्या अधिकाऱ्यांना धमक्या होत्या. २६ ऑक्टोबरला चार प्रकारचे व्हिसा सुरू झाले. २२ नोव्हेंबरला ई-व्हिसाही सुरू झाला. दोन महिने. त्या दोन महिन्यांत तिकडच्या आपल्या मूळच्या लोकांनी केवढा आरडाओरडा केला, आठवतंय? लग्नं चुकली, अंत्यविधी चुकले. त्यांचं बरोबरच होतं. पण त्यांच्याकडं मतदारसंघ होते, वृत्तवाहिन्या होत्या, वकील होते. कंदहारच्या पोराकडं माझ्यासारखा तालुक्याचा वार्ताहर होता. फरक पडणारच.

दुसरी तुलना. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. आपली वैद्यकीय शिकणारी हजारो पोरं तिथं अडकली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. 'ऑपरेशन गंगा'त त्यांना आणलं. १३ मार्चला आपण जाहीर केलं की कीव्हची वकिलात तात्पुरती पोलंडमध्ये, वॉर्सात हलवतोय. मे महिन्यात ती कीव्हला परत गेलीसुद्धा. म्हणजे वकिलात हलवता येते. टेबल, शिक्का, फाइल आणि सहीचा अधिकार घेऊन शेजारच्या देशात बसता येतं. हे आपल्याला जमतं, आपण करून दाखवलंय. मग काबूलच्या विद्यार्थ्यांसाठी दिल्लीतल्या एका खोलीत असं टेबल का लागलं नाही?

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. आधीच उत्तर देतो, तुमचा आणि माझा वेळ वाचेल.

"अतिरेकी घुसले असते तर?"

प्रश्न रास्त आहे. पासपोर्ट चुकीच्या हातात गेले असतील, तर ते व्हिसा रद्द झालेच पाहिजेत. त्याच दिवशी, त्याच तासाला. पण प्रत्येक पासपोर्टला नंबर असतो आणि प्रत्येक व्हिसालाही. कुठले पासपोर्ट व्हिसासाठी जमा होते आणि कुठले लोकांच्या हातात होते, याची नोंद असायला हवी. नसेल तर तो कुणाचा गुन्हा? आणि आधीच इथं शिकत असलेल्या पोरांचं तर सगळं सरकारच्या दप्तरात आहे. जास्त मुदतीसाठी आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. पत्ता बदलला तरी कळवावं लागतं. एवढंच कशाला, परदेशी पाहुणा माझ्या घरी एक रात्र झोपला तरी चोवीस तासांत सी फॉर्म भरायची जबाबदारी तेव्हा माझी होती. मी प्रत्येक वेळी भरलाय. तो सांगोल्यात कुठल्या रात्री कुणाच्या घरी झोपला हेसुद्धा सरकारला माहीत होतं. असा माणूस २५ ऑगस्टला अचानक अनोळखी कसा झाला?

सगळ्यांचेच रद्द करणं याला मी सुरक्षा म्हणणार नाही. सुरक्षा म्हणजे तपासणं. न तपासता सरसकट नाही म्हणणं हा आळस आहे. त्या पहिल्या दहा दिवसांच्या गोंधळात तो क्षम्य होता. चव्वेचाळीस महिने क्षम्य नाही.

या सरसकटपणात काय होतं त्याचं एक उदाहरण सगळ्या देशानं वाचलं. रंगीना कारगर नावाच्या अफगाण खासदार बाई २० ऑगस्ट २०२१ ला इस्तंबूलहून दिल्लीला उतरल्या. डॉक्टरकडं दाखवायचं होतं. राजनैतिक पासपोर्ट होता, आधी अनेकदा येऊन गेलेल्या. विमानतळावरूनच त्यांना परत पाठवलं. बातम्या झाल्यावर आपल्या सरकारकडून चूक झाल्याचं त्यांना सांगण्यात आलं आणि आणीबाणीच्या व्हिसासाठी अर्ज करा असं सुचवलं. खासदार होत्या म्हणून निदान चूक झाली एवढं तरी ऐकायला मिळालं.

"आपल्याच पोरांना जागा नाहीत, त्यांचा पुळका कशाला?"

त्यांना आपणच बोलावलं होतं. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद दरवर्षी अफगाण विद्यार्थ्यांना हजार शिष्यवृत्त्या देत होती. काबूलची संसदेची इमारत आपण बांधली, हेरातचं सलमा धरण आपण बांधलं, २०१५-१६ मध्ये त्यांची उद्घाटनं झाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं फोटो शेअर केले. मीही केले. धरण बांधलं म्हणून मैत्री आणि पोरगं दारात आलं तर पुळका? आणि त्यांच्या जागा वेगळ्या असतात, त्यातल्या रिकाम्या राहिल्या म्हणून तुमच्या-माझ्या पोराला एकही जास्त मिळाली नाही.

"सरकारनं मदत केलीच की."

केली. मी नाही म्हणत नाही. 'ऑपरेशन देवी शक्ती'त आपली माणसं आणि काही अफगाणही सुखरूप आणले. भारतात असलेल्या अफगाण लोकांच्या मुदती वाढवल्या. ५० हजार टन गहू द्यायचं कबूल केलं आणि २२ फेब्रुवारी २०२२ ला त्याचे पहिले ट्रक अटारीहून निघाले. पाकिस्तानमधून! ज्या देशाशी आपला व्यापार बंद, त्याच्या रस्त्यानं गहू जाऊ शकला. कारण कुणीतरी ठरवलं की हे करायचंच. मग कागद फिरले, फोन झाले, परवानग्या मिळाल्या. विद्यार्थ्यांच्या बाबतीत असं ठरवणारं कुणी नव्हतं, एवढीच माझी तक्रार आहे.

बरं, ऑनलाइन शिकवायची सोयही केली. ऑगस्ट २०२३ मध्ये अफगाणांसाठी हजार ऑनलाइन शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं मुलींना विद्यापीठाची दारं बंद केली होती, त्यामुळं काही मुलींना त्याचा उपयोग झालाच असेल. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण डाळिंबाच्या पानावरचा तेलकट डाग मोबाइलवर दिसत नाही हो. आणि ज्या मुलीला घरातून बाहेर पडायची बंदी आहे, तिला घरातच बसून शिक म्हणणं हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

आता सगळ्यात झोंबणारी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्ताकी दिल्लीत आले. त्यांच्यावर संयुक्त राष्ट्रांची प्रवासबंदी आहे, तिच्यातून खास सूट मिळाली आणि ते आले. अफगाण वकिलातीत त्यांनी पहिली पत्रकार परिषद घेतली तेव्हा महिला पत्रकारांना आत सोडलं नाही. माझ्या व्यवसायातल्या बायकांना, माझ्या देशाच्या राजधानीत. बोंबाबोंब झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली. त्याच भेटीत आपण काबूलचं तांत्रिक पथक पुन्हा पूर्ण वकिलात करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात तशी ती झालीही.

शेजाऱ्याशी बोलावं लागतं, हे मला कळतं. राजकारणात आवडनिवड नसते. तालिबानशी बोलू नका असं मी म्हणत नाही. पण हिशेब बघा. ज्यांच्या भीतीनं आपण वकिलात बंद केली, ज्यांच्या राज्यात पासपोर्ट गहाळ झाले म्हणून सगळे व्हिसा रद्द केले, त्यांच्या मंत्र्यासाठी दार उघडलं. ज्यांनी तालिबानपासून पळून आपल्याकडं शिकायला यायची धडपड केली, ती पोरं बाहेर राहिली. सुरक्षेचा प्रश्न मग कुणापासून होता?

हे फक्त आपणच करतो असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या खार्टूममध्ये लढाई पेटली तेव्हा अनेक पाश्चात्त्य वकिलाती रातोरात रिकाम्या झाल्या. व्हिसासाठी जमा केलेले सुदानी लोकांचे पासपोर्ट आत कपाटात राहिले. अमेरिकी वकिलातीनं तर निघताना ते नष्ट केले, चुकीच्या हातात पडू नयेत म्हणून. बाहेर गोळीबार चालू आणि सरहद्द ओलांडायला लागणारं एकमेव कागदपत्र दुसऱ्यानं फाडून टाकलेलं. लोकशाहीचे धडे देणाऱ्यांनी हे केलं. म्हणून तर म्हणतो, हा एका सरकारचा किंवा एका पक्षाचा प्रश्न नाही. जगात सगळीकडं वकिलात बंद करताना आतल्या माणसांना कसं काढायचं याची योजना तयार असते. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांची योजना नसते.

आणि हे आपल्यावरही येतं. मार्च २०२० मध्ये अमेरिकी वकिलातींनी नेहमीचे व्हिसा थांबवले तेव्हा सोलापूर-पुण्यातली किती कुटुंबं अडकली होती! नवरा तिकडं, बायको-पोर इकडं. तेव्हा 'माणुसकी आहे की नाही' म्हणून पोस्टी टाकणाऱ्यांपैकी काही जण आज माझ्या यादीत आहेत. त्यांना एवढंच विचारतो, तेव्हा तुम्हाला जे वाटलं ते त्या पोराला वाटत नसेल?

म्हणून मागण्या. भावनिक नाहीत, कामाच्या आहेत.

१. वकिलातीवर संकट येणार असं दिसलं की पहिल्या दिवशी जमा असलेले सगळे पासपोर्ट परत करायचे. कंदहारहून ११ जुलैला निघालो आणि काबूलहून १७ ऑगस्टला. मध्ये पाच आठवडे होते.

२. व्हिसा रद्द करायचे तर नंबरनिशी करायचे. सरसकट करावेच लागले, तर तीस दिवसांत फेरतपासणी करून ज्यांची ओळख पटते त्यांचे परत द्यायचे.

३. आधीच इथं शिकणारे, उपचार घेणारे आणि ज्यांची जवळची माणसं इथं आहेत, त्यांची वेगळी रांग. त्यांची माहिती आपल्याकडं आहे, ती वापरा.

४. फाइली कुठल्या वकिलातीकडं गेल्या ते जाहीर करायचं, आणि तिथं 'रहिवासी असल्याचा पुरावा' मागायचा नाही.

५. प्रत्येक अर्जाला ठरावीक दिवसांत हो किंवा नाही. 'प्रक्रियेत आहे' हे उत्तर नाही. 'नाही' म्हटलं असतं तर माणसानं दुसरी वाट धरली असती.

६. विद्यापीठांनी अशा विद्यार्थ्याला गैरहजर म्हणून काढायचं नाही. जागा आणि गुण राखून ठेवायचे.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरतं.

आता त्या पोराचं काय झालं ते सांगतो, कारण तुम्ही विचारालच.

दोन वर्षं त्यानं वाट बघितली. मी माझ्या परीनं पत्रं लिहिली, फोन केले. एका कचेरीतले साहेब म्हणाले, "तुमची भावना समजते, पण वरून आदेश नाहीत." त्याच्या शिक्षणसंस्थेनं दोनदा मुदत दिली आणि मग नाव कमी केलं. २०२३ मध्ये त्याचा मेसेज आला, सर, ट्रंकेत माझ्या तीन सत्रांच्या मूळ मार्कशीट आहेत, तेवढ्या पाठवता येतील का? मी ट्रंक उघडली. वर लॅबचा पांढरा कोट, खाली फवारणीच्या डायऱ्या, ब्रिक्स मीटर आणि बालभारतीचं पहिलीचं पुस्तक. मार्कशीट वाशी बाजारातल्या एका सुकामेव्याच्या व्यापाऱ्याच्या ओळखीनं हातोहात पाठवल्या. तिकडचा अंजीर इकडं येतच होता. त्याला व्हिसा लागत नाही.

तो आता चुलत्याच्या खत-औषधांच्या दुकानात बसतो. लग्न झालंय, एक मुलगी आहे. एप्रिल २०२५ ची नवी व्यवस्था आली तेव्हा मी त्याला लिंक पाठवली. त्यानं लिहिलं, "सर, अब किस कॉलेज में?" मला उत्तर देता आलं नाही. ज्या बागेवर त्याचा प्रबंध होता ती बागही राहिली नाही. तेल्यातून वाचली होती, नंतर खोडकिडीनं गेली. अण्णांनी सगळी झाडं काढून टाकली. कुठलंही परिपत्रक निघालं तरी ते काम आता पूर्ण होणार नाही.

पण कुठंतरी पुन्हा एखादी वकिलात बंद होणार आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तेव्हा दाराबाहेर दुसरं कुणीतरी असेल. कदाचित तिकडचं, कदाचित आपलं. म्हणून ही पोस्ट आवडली तर नुसता अंगठा दाखवून पुढं जाऊ नका. आपापल्या खासदाराला एक प्रश्न संसदेत विचारायला सांगा, लेखी चालेल: २५ ऑगस्ट २०२१ ला रद्द केलेल्या व्हिसांपैकी विद्यार्थ्यांचे किती होते, आणि त्यातल्या किती जणांना परत येऊन शिक्षण पूर्ण करता आलं?

आकडा येऊ द्या. मग बोलू.

ट्रंक आहे माळ्यावर. मार्कशीट सोडून बाकी सगळं तसंच आहे.